तहान लागण्याआधी

खानदेशात चैत्र लागला की दुपार अंगावर येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, धुळ्यातही फार वेगळे नसते. अशा दुपारी आजीला पाणी विचारावे तर ती म्हणते, "नको बाळा, तहानच नाही." ती खरेच सांगत असते. तिला तहान लागलेली नसते. शरीराला मात्र पाणी हवे असते.

उतारवयात तहानेची जाणीव मंदावते. अंगातले पाणी कमी झाले की मेंदूतून व्हासोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते आणि पाणी राखून ठेवायला मूत्रपिंडांना सांगते. म्हातारपणीही हे संप्रेरक तयार होतच असते, पण मूत्रपिंडे त्याचे पूर्वीइतके ऐकत नाहीत. मग रात्री लघवीला उठावे लागते. अंधारात उठायची धास्ती वाटते, म्हणून कितीतरी आजी-आजोबा पाणी आणखी तोडतात. त्यात वयाबरोबर स्नायू घटतात आणि पाण्याचा मोठा साठा तर स्नायूंतच असतो. तरुण पुरुषाच्या वजनात साधारण 60 टक्के पाणी असते, उतारवयात ते 50 टक्क्यांच्या आसपास येते. हा आजार नव्हे, वयाचा धर्म आहे. म्हणून "तुम्ही पाणीच पीत नाही" असे रागावून बोलू नये. त्यांना बिचाऱ्यांना आतून कोणी आठवणच करून देत नाही.

रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी पान मान टाकेपर्यंत थांबत नाही. ठिबक ठरल्या वेळी सुरू करतो. घरातल्या थोरांचेही असेच वेळेवर बघावे. उठल्यावर एक पेला, न्याहारीबरोबर एक, मग दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे. ताक, पन्हे, मुगाचे कढण, हेही पाण्यातच धरावे. बराचसा वाटा दिवसा पोटात गेला की संध्याकाळनंतर हात आखडता घेता येतो आणि रात्रीची झोप मोडत नाही. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल तर किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि उन्हाळ्यात जीभ कोरडी पडली, लघवी गडद पिवळी झाली, माणूस एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागला, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नये. लगेच दवाखाना गाठावा.

आज कामाला निघण्याआधी माठातले पाणी तांब्यात भरून आजी-आजोबांच्या हाताशी ठेवा, शेजारी पेला ठेवा. दुपारी फोन कराल तेव्हा "जेवलात का?" याच्या जोडीला "पाणी प्यायलात का?" हेही विचारा. पन्नाशी ओलांडली असेल, तर एक पेला स्वतःसाठीही भरून घ्या.