स्मृतीचा जमाखर्च

१ मार्च २०२० रोजी फिलाडेल्फियातल्या अमेरिकी ज्यू इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. करोनामुळे अमेरिकेतली संग्रहालये बंद व्हायला अजून जवळपास दोन आठवडे अवकाश होता. त्यामुळे खापर महासाथीवर फोडता येण्यासारखे नव्हते. जागा तर मोक्याची. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर जिथे सह्या झाल्या, ते सभागृह इथून चालत काही मिनिटांवर आहे. २०१० साली नवी इमारत उघडली तेव्हा तिच्यावर सुमारे १५ कोटी डॉलर खर्च झाले होते. दहा वर्षांनी संग्रहालयाच्या डोक्यावर तीन कोटी डॉलरांहून अधिक देणे होते आणि त्यातला मोठा भाग इमारतीसाठी काढलेल्या रोख्यांचाच होता. संग्रह होता, अभ्यासक होते, प्रदर्शने चालू होती. बिघाड झाला होता तो जमाखर्चात.

पुढे स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातले मिचेल मॉर्गन यांनी इमारत एक कोटी डॉलरना विकत घेतली आणि संग्रहालयाला तिथेच राहू दिले. २०२१च्या सप्टेंबरमध्ये संस्था दिवाळखोरीतून बाहेर आली. त्याच वर्षाच्या अखेरीस पादत्राणांचे प्रसिद्ध डिझायनर स्टुअर्ट वाइट्झमन यांनी मोठी देणगी दिली. तिच्यातून इमारत परत घेता आली, कायम निधीतही भर पडली आणि संग्रहालयाला वाइट्झमन यांचे नाव मिळाले.

ही गोष्ट दोन उदार माणसांची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. पण अशा गोष्टीत आणखी एक वर्ग असतो, ज्याची नावे कुठल्याच भिंतीवर कोरली जात नाहीत. देणगीदाराशी वर्षानुवर्षे संबंध राखणारे, अनुदानाचे अर्ज लिहिणारे, कर्जरोखेधारकांसमोर आकडे मांडणारे, पगाराची तारीख चुकू नये म्हणून धडपडणारे हे लोक. संग्रहालय म्हटले की आपल्याला क्युरेटर आठवतो, वास्तुविशारद आठवतो, फार तर मार्गदर्शक. कार्यालयातली माणसे आठवत नाहीत. ज्यू वारशाच्या संग्रहालयांत मात्र हे विस्मरण फार महाग पडते. तिथे काय जपले जाईल, कोणाच्या शब्दांत सांगितले जाईल आणि उद्या दार उघडेल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी याच माणसांच्या टेबलावर ठरतात. त्यांचे काम स्मरणाच्या कामाचाच भाग आहे.

न्यूयॉर्कचे उदाहरण घ्यावे. १९८१ साली महापौर एड कॉच यांनी शहरात ज्यू नरसंहाराचे स्मारक उभारण्यासाठी एक कार्यगट नेमला. प्रत्यक्षात मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी पार्क सिटीत, संग्रहालय उघडले ते सप्टेंबर १९९७ मध्ये. मधली सोळा वर्षे कशात गेली? जागेच्या वाटाघाटीत, शहर आणि राज्य यांच्या राजकारणात आणि पैसा उभा करण्यात. मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी रॉबर्ट मॉर्गेंथाऊ यांनी हे काम अखेरपर्यंत लावून धरले. त्यांचे वडील हेन्री मॉर्गेंथाऊ धाकटे हे रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळत होते. १९४४ मध्ये युद्ध निर्वासित मंडळ स्थापन व्हावे म्हणून त्यांनी आणि त्यांच्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षांपुढे आग्रह धरला होता. युरोपातल्या ज्यूंना वाचवण्यासाठी अमेरिकी सरकारने उशिरा का होईना केलेला तो एक ठोस प्रयत्न होता, आणि तोही फायली, टिपणे आणि निधीच्या परवानग्या यांतूनच पुढे सरकला. मुलाने पुढे संग्रहालयासाठी घेतलेले कष्ट याच जातीचे होते.

आज संग्रहालयाच्या छताला सहा थर आहेत आणि इमारतीला सहा बाजू. साठ लाख मृतांची आणि सहा टोकांच्या ताऱ्याची ती खूण. भेट देणाऱ्याला एवढे सांगितले जाते. त्याआधीच्या सोळा वर्षांची कहाणी क्वचितच कोणी विचारतो.

हा व्यवसाय नेमका कसा चालतो, हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण 'देणगी गोळा करणे' या शब्दांनी आपल्यासमोर पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणारा माणूस उभा राहतो. अमेरिकेत या खात्याला डेव्हलपमेंट म्हणतात आणि त्यात पाच-सहा वेगवेगळी कामे असतात. दरवर्षी लहान रकमा देणाऱ्या सदस्यांना सांभाळणारा एक, मोजक्या मोठ्या दात्यांशी बोलणारा दुसरा, फाउंडेशन आणि सरकारी खात्यांकडे अनुदानाचे अर्ज लिहिणारा तिसरा. मृत्युपत्रातून येणाऱ्या देणग्या पाहणारा आणखी वेगळा. त्याला करकायदा कळावा लागतो आणि वृद्ध माणसाशी मृत्यूबद्दल सभ्यपणे बोलताही यावे लागते. देणगीदारांची माहिती ठेवणारे डेटाबेसचे काम तर सगळ्यांत दुर्लक्षित. एखाद्या बाईंनी १९९८ मध्ये आपल्या आजोबांच्या नावे पन्नास डॉलर पाठवले होते, ही नोंद जागेवर असेल तरच पंचवीस वर्षांनी त्यांच्या मुलीला लिहिलेल्या पत्राला अर्थ येतो.

या व्यवसायाची स्वतःची आचारसंहिता आहे. अमेरिकेतल्या निधी-संकलकांच्या मुख्य व्यावसायिक संघटनेने जमवलेल्या रकमेवर टक्केवारीने मेहनताना घेण्यास मनाई केली आहे. पगार घ्या, कमिशन नाही. कमिशन असेल तर माणूस देणगीदाराचे हित आणि संस्थेचे ध्येय सोडून आकड्यामागे धावेल, हे उघड आहे. शिक्षणाचीही सोय आहे: हेन्री रोसो यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली फंड रेझिंग स्कूल आज इंडियाना विद्यापीठाचा भाग आहे. निधी उभारणे हे शिकवण्याजोगे, तपासण्याजोगे काम आहे, ही गोष्ट तिथे पन्नास वर्षांपूर्वीच मान्य झाली.

तरीही अमेरिकेतसुद्धा एक जुना गैरसमज हटत नाही: 'माझा पैसा प्रदर्शनावर जावा, कार्यालयावर नको.' तिथल्या धर्मादाय संस्थांना दरवर्षी आयकर खात्याकडे जे विवरणपत्र भरावे लागते, त्यात खर्चाचे तीन रकाने असतात. एक कार्यक्रमांचा, दुसरा व्यवस्थापनाचा, तिसरा निधी उभारणीचा. हे विवरणपत्र कोणीही पाहू शकतो. वर्षानुवर्षे लोक शेवटचे दोन रकाने पाहून संस्थेची पारख करत आले. अखेर २०१३ मध्ये गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन मूल्यमापन संस्थांनी एकत्र पत्र काढून देणगीदारांना सांगितले की, केवळ व्यवस्थापनखर्चाच्या प्रमाणावरून संस्था जोखू नका. ते पत्र योग्यच होते. इमारतीसाठी कोट्यवधी मिळतात, कारण इमारतीवर नाव लागते. छत गळू नये म्हणून लागणाऱ्या पैशाला नाव लावता येत नाही.

सुरक्षेचा खर्च कुठल्या रकान्यात घालायचा? १० जून २००९ रोजी वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाच्या दाराशी ८८ वर्षांच्या एका वर्णद्वेष्ट्याने गोळीबार केला. त्यात पहारेकरी स्टीफन टायरोन जॉन्स मारले गेले. येणारा वृद्ध माणूस पाहून त्यांनी त्याच्यासाठी दार उघडले होते. २४ मे २०१४ रोजी ब्रसेल्सच्या ज्यू संग्रहालयात झालेल्या हल्ल्यात चौघांचा जीव गेला. २१ मे २०२५ रोजी वॉशिंग्टनच्याच कॅपिटल ज्यूइश म्युझियमबाहेर इस्रायली दूतावासातल्या दोघांना गोळ्या घालून मारण्यात आले. अशा संस्थेचा प्रशासक प्रदर्शनाच्या अंदाजपत्रकाआधी पहाऱ्याचे अंदाजपत्रक मांडतो, आणि अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या सुरक्षा-अनुदानासाठी अर्ज लिहिणे हे त्याच्या कामाचाच भाग बनले आहे. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावरच्या हल्ल्यात काय घडले, ते या शहराने पाहिले आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. पैसा देणारा इतिहासही ठरवतो का?

वॉर्सातल्या पोलिन या पोलिश ज्यूंच्या इतिहासाच्या संग्रहालयाने याचे एक विचार करायला लावणारे उत्तर दिले आहे. २००५ मध्ये तीन पक्षांनी करार केला: पोलंडचे संस्कृती मंत्रालय, वॉर्सा शहर आणि ज्यू ऐतिहासिक संस्थेची संघटना. इमारतीचा खर्च मंत्रालय आणि शहर यांनी उचलायचा, मुख्य प्रदर्शनासाठीचा निधी संघटनेने जगभरातून जमवायचा. इमारत २०१३ मध्ये उघडली, मुख्य प्रदर्शन २०१४ मध्ये. २०१६ मध्ये युरोपातले त्या वर्षीचे उत्तम संग्रहालय म्हणून त्याचा गौरव झाला. पण त्याआधीच पोलंडमध्ये सरकार बदलले होते. संचालक दारियुश स्तोला यांच्या कारकिर्दीत २०१८ मध्ये, मार्च १९६८च्या ज्यूविरोधी मोहिमेवर एक प्रदर्शन झाले. ते सत्ताधाऱ्यांना रुचले नाही. २०१९ मध्ये स्तोला पुन्हा संचालकपदाच्या निवड प्रक्रियेत विजयी ठरले, पण संस्कृतीमंत्र्यांनी नेमणुकीवर सही केली नाही. महिनोन् महिने पेच चालला. अखेर २०२० च्या फेब्रुवारीत स्तोला यांनी दावा सोडला आणि त्यांचे सहकारी झिग्मुंट स्तेम्पिन्स्की संचालक झाले.

याला कोणी पराभव म्हणेल. एका अर्थी तो होताच. एका सक्षम इतिहासकाराला पद सोडावे लागले. पण मंत्र्याला आपल्या मर्जीतला बाहेरचा माणूसही बसवता आला नाही, हे विसरू नये. करारात शहर आणि संघटना यांचा शब्द होता, म्हणून ते टळले. संघटनेला तो शब्द मिळाला, कारण तिने प्रदर्शनाचा पैसा स्वतः उभा केला होता. म्हणजे निधी उभारणाऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या कामाचे फळ केवळ प्रदर्शनाच्या दालनांत नव्हते. ते करारपत्रातही उतरले होते. सगळा पैसा सरकारचा असता तर हा पेच एका सहीत मिटला असता. सगळा एकाच धनिकाचा असता, तर मंत्र्याच्या जागी तो धनिक बसला असता, एवढाच फरक. अनेक दाते, अनेक पक्ष आणि लेखी नियम असलेली रचना संथ असते, चिडचिड करायला लावते, पण इतिहासाला तिच्यात श्वास घ्यायला जागा मिळते.

देणगी नाकारण्याचे नियमही असेच लेखी असावे लागतात. कोणाचा पैसा घ्यायचा, हा प्रश्न मुंबईतूनही जातो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्युझियमने ससून घराण्यावर मोठे प्रदर्शन भरवले. बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग बांधले, पुण्यातले ओहेल डेव्हिड म्हणजे आपले लाल देऊळ बांधले, रुग्णालयाला पैसा दिला. त्यांच्या पेढीच्या संपत्तीत चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचार घेणाऱ्या लाखो माणसांचे ऋण खरे आहे आणि अफूचा हिशेबही खरा आहे. दोन्ही एकाच दालनात मांडणे हे प्रामाणिक संग्रहालयाचे काम, आणि दात्यांच्या वारसांशी बोलून ते मांडण्याची मोकळीक मिळवणे हे निधी-अधिकाऱ्याचे. या दोघांपैकी दुसऱ्याचे काम सोपे आहे असे म्हणता येणार नाही.

मुंबईतलेच आणखी एक उदाहरण: काळा घोड्याजवळचे केनेसेथ इलियाहू सिनेगॉग १८८४ चे. २०१९ मध्ये त्याचे जतनकाम पूर्ण झाले. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामाला जेएसडब्ल्यू फाउंडेशन आणि वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड यांनी पैसा दिला. तिथल्या रंगीत काचा आता पुन्हा मूळ तेजाने दिसतात, याचा आनंदच आहे. पण भारतात आज ज्यू समाज उरला आहे तो काही हजारांचा. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल ज्यू कुटुंबांपैकी बहुतेक इस्रायलला गेली. त्यांनी मागे ठेवलेला वारसा दगडविटांइतकाच कागदाचाही आहे: १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या, हिब्रूसोबत मराठी अनुवाद असलेल्या हगादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायच्या पोथ्या), मराठीत लिहिलेली कीर्तने, कोकणातल्या गावांवरून पडलेल्या आडनावांच्या वंशावळी.

हे कागद जपायला परदेशातून पैसा आणायचा, तर देशातला कायदा आडवा येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला त्या रकमेतला जास्तीत जास्त २० टक्के भाग प्रशासनावर खर्च करता येतो; आधी ही मर्यादा ५० टक्के होती. कागद जपण्याच्या कामात मात्र इमारत, यंत्रे यांपेक्षा मोठा खर्च माणसांचाच असतो. त्यातल्या कार्यालय सांभाळणाऱ्याचा आणि हिशेबनिसाचा पगार प्रशासनातच मोजला जातो. अशा कामाला जी व्यक्ती लागेल तिला मोडी आणि बालबोध दोन्ही वाचता यायला हवे, न्यूयॉर्कच्या फाउंडेशनला पटेल असा अर्ज इंग्रजीत लिहिता यायला हवा, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली कागदपत्रे वेळेवर भरता यायला हवीत, आणि इस्रायलमधल्या अश्दोदला राहणाऱ्या, अजून घरात मराठी बोलणाऱ्या आजीबाईंकडून त्यांच्या पेटीतले पुस्तक विश्वासाने मागता यायला हवे. हे पूर्ण वेळेचे, चांगल्या पगाराचे काम आहे. मराठी इतिहास शिकणाऱ्या मुलामुलींना आपली विद्यापीठे अजून या कामाचे नावसुद्धा सांगत नाहीत. ते सांगितले पाहिजे, आणि सिनेगॉगच्या जतनाला पैसा देणाऱ्यांनी पुढचा धनादेश अशा एका माणसाच्या पाच वर्षांच्या पगारासाठी लिहिला पाहिजे.