नगरचे दोन पटवर्धन

दोन भावांच्या वाटा वेगळ्या झाल्या की आपण लगेच एकाला जहाल ठरवतो, दुसऱ्याला मवाळ. नगरच्या पटवर्धन बंधूंचेही तसेच झाले. थोरले रावसाहेब गांधीवादी, सर्वोदयी. धाकटे अच्युतराव समाजवादी, बेचाळीसच्या चळवळीतले भूमिगत. हे वर्णन खोटे नाही. पण इतके वेगळे होण्याची मुभा या दोघांना कुठून मिळाली, हा प्रश्न त्यात राहून जातो.

वडील हरी केशव पटवर्धन नगरला वकिली करत. घरात सहा मुलगे आणि थिऑसॉफीचे वातावरण. नगर तेव्हा लष्करी छावणीचे गाव. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना इथेच स्थानबद्ध करून ठेवले होते. अशा गावातल्या पांढरपेशा मुलाचे आयुष्य बहुधा आधीच आखलेले असे: परीक्षा, सनद किंवा सरकारी नोकरी, शेवटी पेन्शन.

1905 साली जन्मलेला अच्युत मात्र लहानपणीच सीताराम पटवर्धन या शिक्षण खात्यातल्या निवृत्त अधिकाऱ्यांना दत्तक गेला. ते 1917 मध्ये वारले, मागे बरीच मालमत्ता ठेवून. म्हणजे बाराव्या वर्षीच या मुलाची पोटापाण्याची चिंता मिटली होती. पुढे बनारसचे सेंट्रल हिंदू कॉलेज, अर्थशास्त्रातली एम.ए., तिथेच प्राध्यापकी, युरोपच्या वाऱ्या आणि समाजवादी मंडळींशी ओळखी. दोघा भावांतला फरक केवळ स्वभावाचा नव्हता; त्यात वारशाचाही वाटा होता.

तरी सगळे श्रेय पैशाला देता येत नाही. बनारसचे कॉलेज थिऑसॉफीच्या पुढारी ॲनी बेझंट यांनी काढलेले, आणि त्यांना गांधीजींचा असहकार मुळीच मान्य नव्हता. त्याच कॉलेजातला हा प्राध्यापक 1932 मध्ये नोकरी सोडून कायदेभंगात उतरला. त्याआधी तीन वर्षे, 1929 मध्ये, थिऑसॉफीवाल्यांनी पुढे आणलेल्या कृष्णमूर्तींनी आपल्याला जगद्गुरू मानणारी ‘ऑर्डर ऑफ द स्टार’ ही संघटनाच विसर्जित केली होती. गुरू म्हणून पुढे आणलेला माणूसच गुरुपद नाकारतो, हे पाहिलेल्या घरात मुलांनी आपापली वाट धरली तर त्याचे नवल वाटायचे कारण नव्हते.

नाशिकच्या तुरुंगात समाजवादी पक्षाचा विचार शिजला आणि 1934 मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव यांच्याबरोबर त्यात अच्युतराव होते. ऑगस्ट 1942 मध्ये नेहरू, पटेल, आझाद आणि नरेंद्र देव यांना सरकारने नगरच्या किल्ल्यात आणून ठेवले. तिथल्या आवारात नेहरू माती खणून फुलांचे वाफे करत होते. आणि नगरचा मुलगा गावोगावी पोलिसांना चकवत फिरत होता. साताऱ्याच्या प्रतिसरकारलाही त्याचे पाठबळ होते. तो अखेरपर्यंत सापडला नाही.

विठ्ठलभाई आणि वल्लभभाई पटेल हीसुद्धा त्याच काळातली भावांची जोडी. 1925 मध्ये विठ्ठलभाई दिल्लीच्या कायदेमंडळात अध्यक्षपदावर बसले. तीन वर्षांनी वल्लभभाई बार्डोलीत शेतसारा रोखून धरत होते. पुढे गांधीजींच्या नेतृत्वावरून त्यांच्यात अंतर पडले. पटवर्धनांच्या वाटा मात्र उलट एकमेकींकडे वळल्या.

साने गुरुजींच्या मृत्यूनंतर, 1950 मध्ये, ‘साधना’ साप्ताहिकाची संपादकी रावसाहेबांनी आचार्य जावडेकरांसोबत स्वीकारली. त्याच वर्षी पंचेचाळिशीतल्या अच्युतरावांनी राजकारण सोडले आणि ते पुन्हा बनारसला शिकवायला गेले. कृष्णमूर्तींशी चाललेल्या चर्चांत तर दोघेही असत. भूमिगत माणसाची गोष्ट रंगवून सांगता येते. आठवड्याच्या आठवड्याला अंक काढणाऱ्याची तशी सांगता येत नाही. म्हणून अच्युतरावांचे नाव देशभर गेले आणि रावसाहेब महाराष्ट्रापुरते राहिले.

1950 च्याच अखेरीस लोणीजवळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि जिल्ह्याच्या सत्तेचे केंद्र हळूहळू उसाच्या पट्ट्याकडे सरकले. तेव्हापासून नगर जिल्ह्यात एखाद्या राजकीय घराण्यातले भाऊ वेगळे झाले की लोक आधी विचारतात, कारखाना कोणाकडे आणि बँक कोणाकडे. पटवर्धनांच्या बाबतीत हा प्रश्न निघालाच नाही. वाटून घ्यावी अशी सत्ता दोघांपैकी कोणीच हाती ठेवली नव्हती.