उसना गोल

आमच्या देवपुरात उसनं मागायला कुणी लाजत नाही. वाटीभर साखर, माळ्यावर चढायला शिडी, पाहुणे आले की गाद्या, आणि मुलगी बघायला मंडळी येणार असतील तर शेजाऱ्यांच्या चार बऱ्या खुर्च्या सारख्या या घरातून त्या घरात हिंडत असतात. परत करण्याच्या बाबतीत मतभेद आहेत. मागण्याच्या बाबतीत एकवीरेच्या देवळापासून थेट कॉलेजपर्यंत एकमत आहे. मी बँकेत कारकून असल्यामुळे उसनं आणि कर्ज यांतला फरक मला चांगला ठाऊक आहे. उसन्याला व्याज नसतं, जामीनदार नसतो आणि परतफेडीची तारीख नसते. कर्जाला हे तिन्ही असतं. बुडायच्या बाबतीत मात्र दोघं सख्खे भाऊ.

पण अख्खा माणूस उसना आणता येतो, त्याला आपला सदरा घालून आपल्या वतीने पळवता येतं आणि हंगाम संपला की धुऊन-पुसून परत पाठवता येतं, हे मला बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं. ते ज्ञान पुतण्याकडून मिळालं.

आमच्या ओट्यावर रोज रात्री चार पोरं जमतात. धुळ्यात राहून ही पोरं इंग्लंडमधल्या एका दुसऱ्या पायरीवरच्या फुटबॉल क्लबची काळजी वाहतात. तिकडची व्यवस्था अशी, की सगळ्यांत वर प्रीमियर लीग, तिच्यात 20 क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, तिच्यात 24. दर वर्षी वरचे तीन खाली येतात आणि खालचे तीन वर जातात. म्हणजे आमच्या भाषेत क्लार्कचा ऑफिसर होणं. फरक एवढाच, की तिकडे वर गेलेला नीट खेळला नाही तर वर्षभरात खाली येतो. आमच्याकडे एकदा वर गेलेला, कितीही गोल खाल्ले तरी, वरच राहतो.

तर या पोरांचा क्लब वर चढू पाहत होता आणि त्यासाठी त्याने एका मोठ्या क्लबाकडून सेंटर फॉरवर्ड उसना आणला होता. मोठ्या क्लबांकडे खेळाडू इतके असतात की सगळ्यांना मैदानावर उभं करायला जागा नसते. मग ते एखाद्याला वर्षभरासाठी दुसरीकडे पाठवतात. याला आमच्याकडे डेप्युटेशन म्हणतात. डेप्युटेशनचा मला अनुभव आहे. कुठलाही मॅनेजर आपला हुशार माणूस दुसऱ्या शाखेला देत नाही, हे एक; आणि आलेला माणूस पहिल्या दिवशी विचारतो, “तुमच्याकडे चहा किती वाजता येतो?” हे दुसरं.

पोरांची चर्चा ताटलीतल्या शेंगदाण्यांवर चाले. चार शेंगदाणे मागे, तीन मध्ये, तीन पुढे. एक म्हणे, मधला एक काढून पुढे टाका. दुसरा म्हणे, मग मागे भगदाड पडेल. तिसरा युक्तिवादाच्या भरात डाव्या बाजूचा बॅक खाऊन टाकी. डावपेच मला कळत नव्हते, पण भाषा कळत होती. गोल झाला की पुतण्या ओरडे, “आपण जिंकलो!” आणि हरले की म्हणे, “ते हरले.” आता मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. पुतण्या ‘आपण’ म्हणे तेव्हा त्यात अकरा इंग्रज, ओट्यावरची चार पोरं आणि शेंगदाणे भाजून देणारी माझी बायको एवढी माणसं मावत. उसन्या माणसाने गोल मारला की तोही ‘आपण’. त्याने सोपा गोल घालवला की मात्र, “काका, तो लोनवरचा आहे. त्याला क्लबाचं काय पडलंय?”

इथे माझ्यातला कारकून जागा झाला. घेणाऱ्याचे नावे टाका, देणाऱ्याचे जमा करा, हा आमचा मूलमंत्र. गोल देणारा जर उसना, तर जमा कुणाच्या खाती? आणि जमा आपल्या खाती करायची असेल, तर नावे दुसऱ्याच्या कशी पडते?

हा प्रश्न मी शाखेत मांडला. आमच्या शाखेत बदलून आलेले एक कोल्हापूरकर साहेब आहेत आणि एक मडगावकर. कोल्हापुरात तालमीत फुटबॉल असतो हे मला त्यांच्याचकडून कळलं. आम्हा खानदेशी माणसांना तालमीत फक्त कुस्ती माहीत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशी तालमींचीच नावं संघांना, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ रिकामी. या संघांतून आफ्रिकेतले खेळाडूसुद्धा येऊन खेळतात. ते आपले का परके, असं विचारताच साहेब उखडले. “अहो, पेठेचा शर्ट घातला की तो पेठेचा! तांबडा-पांढरा खातो, गल्लीतली पोरं त्याच्यामागनं पळत्यात.”

“आणि हरल्यावर?”

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. “हरल्यावर... बाहेरची पोरं आणली की असं होतं, म्हणतात.”

मडगावकरांचं दुःख निराळं. ते देणाऱ्यांच्या बाजूचे. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा नव्या एफसी गोवा संघाला गोव्यातल्या जुन्या क्लबांनी आपली पोरं उसनी दिली. धेंपो क्लबाचे मंदार राव देसाई आणि रोमिओ फर्नांडिस त्यांतलेच. रोमिओ तर पुढच्या वर्षी आणखी उसना होऊन थेट ब्राझीलला पोहोचला. धेंपो म्हणजे पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला क्लब. तोच 2015 मध्ये आय-लीगमधून खाली गेला. 2016 मध्ये दुसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद मिळवून त्याने वरची जागा परत मिळवली आणि त्याच वर्षी स्पर्धेच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ अंगही काढून घेतलं. 2024 मध्ये पुन्हा खालून वर चढला. “ज्यानं वाटी दिली,” मडगावकर म्हणाले, “त्याच्याच घरात साखर नाही.” गोव्यातल्याच चर्चिल ब्रदर्सचं तर त्याहून अजब. 2025 च्या एप्रिलमध्ये त्यांना आय-लीगचे विजेते ठरवलं आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या लवादाने ते विजेतेपद वाराणसीच्या इंटर काशीला दिलं. वाद काय, तर कोणता खेळाडू मैदानात उतरायला पात्र होता आणि कोणता नव्हता. म्हणजे ‘हा माणूस कुणाचा?’ हा प्रश्न ओट्यावरच नव्हे, लोझानमध्येही सुटायला महिने लागतात.

संध्याकाळी हे सगळं पुतण्याला सांगितलं तर त्याने मोबाइलवर एक जुना सामना लावला. 27 मे 2013, वेम्बली. वर जाण्यासाठीचा शेवटचा सामना, वॉटफर्ड विरुद्ध क्रिस्टल पॅलेस. वॉटफर्डच्या मालकांचे इटलीत आणि स्पेनमध्येही क्लब होते, त्यामुळे घरातल्या घरात उसनवारी करून त्यांनी दहाच्या वर खेळाडू आणले होते. त्यांतला मातेय विद्रा त्या वर्षी डिव्हिजनमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाकीच्या क्लबांनी अर्थातच बोंब मारली. कायद्याने चूक काही नव्हतं. परदेशातून आणलेल्या उसन्यांवर देशातल्या उसन्यांसारखी मर्यादा नव्हती, एवढंच. पुढच्या हंगामाआधी ती पळवाट बुजवण्यात आली. पळवाट कुणीतरी वापरल्याशिवाय सापडत नाही, हे आमच्या ऑडिटरांनाही मान्य आहे.

पण मजा पुढेच. वॉटफर्ड हरलं. एका पेनल्टीवर, जादा वेळेत, 1-0. ती पेनल्टी मारली 39 वर्षांच्या केविन फिलिप्सने आणि मिळवून दिली विल्फ्रेड झाहा या पोराने. हा झाहा पॅलेसचा घरचा पोरगा, त्यांच्याच आखाड्यात वाढलेला. त्याला पॅलेसने जानेवारीतच मँचेस्टर युनायटेडला विकला होता आणि हंगाम संपेपर्यंत उसना परत घेतला होता! म्हणजे स्वतःचं घर विकून त्यातच भाडेकरू म्हणून राहायचं आणि त्याच घराच्या गच्चीवर चढून पेढे वाटायचे. पॅलेसच्या लोकांनी त्याला डोक्यावर घेतला. आता तो आपला होता का युनायटेडचा? कागदाने युनायटेडचा. पण मला विचाराल तर त्या दिवशी त्याच्यावर पॅलेसवाल्यांचा जेवढा हक्क होता तेवढा कुठल्याही कागदाचा नव्हता. हे विधान मी बँकेबाहेर करतो आहे. बँकेत कागद म्हणजे कागद.

इंग्रज लोक तसे सावध. त्यांच्या प्रीमियर लीगमध्ये उसना खेळाडू मूळ क्लबाविरुद्ध उतरूच शकत नाही. आपल्या मेव्हण्याचं कर्ज आपण मंजूर करायचं नाही, तसंच हे. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हा सोवळेपणा नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये बायर्नने बार्सिलोनाला 8-2 असं धुतलं, त्यांतले शेवटचे दोन गोल फिलिप कुटिन्होचे. कुटिन्हो कुणाचा? बार्सिलोनाचा, बायर्नला उसना दिलेला. उसनं दिलेल्या लाटण्याने मार खाणं ते हेच. त्याला नमकहराम म्हणायला मी तयार नाही. ज्याचा सदरा अंगावर, त्याचं काम चोख. उलट त्याने मुद्दाम बॉल बाहेर मारला असता तर तो दोघांचाही उरला नसता.

या सगळ्या भानगडीला कंटाळून ‘परका माणूसच नको’ म्हणणारेही आहेत. स्पेनमधला अॅथलेटिक बिल्बाओ हा क्लब बास्क मुलखाशी नातं असलेलेच खेळाडू घेतो. तरी तो पहिल्या डिव्हिजनमधून कधी खाली गेलेला नाही. 2024 मध्ये त्याने तिथला राजाचा चषक जिंकला, तोही 40 वर्षांनी. चाळीस वर्षं थांबायला तयार असलेले लोक मला फार मोठे वाटतात. आम्हाला कॅशच्या रांगेत चाळीस मिनिटं कुणी थांबत नाही.

ओट्यावरच्या चौथ्या पोराचं म्हणणं मला याच बाजूचं वाटलं. तो सहसा बोलत नाही. शाळेत असताना क्रिकेटच्या संघात बारावा असायचा. तो म्हणाला, “उसना खेळतो तेव्हा क्लबातला अठरा वर्षांचा पोरगा बाकावर बसतो. वर गेल्यावर म्हणतात, आता मोठी लीग आहे, याला कसं खेळवणार? मग त्याने कधी खेळायचं?” कुणाला उत्तर सुचलं नाही. एकाने उजव्या बाजूचा शेंगदाणा खाल्ला.

सौभाग्यवती हे सगळं दारात उभी राहून ऐकत होती. तिचं माहेर जळगावचं. ती म्हणाली, “अहो, एवढं कोर्टकचेरीपर्यंत कशाला जाता? अठरा वर्षं झाली मला या घरात येऊन. भरीत जमलं की तुमच्या आई सांगतात, आमच्या घरचं भरीत. तिखट झालं की म्हणतात, जळगावची पद्धत.” आणि ती आत गेली. त्यानंतर ओट्यावर थोडा वेळ कुणी डावपेच मांडले नाहीत.

आमच्याकडे ज्या रकमेचं खातं सापडत नाही ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. उसन्या माणसाची जागा तीच असावी असं मी ठरवून टाकणार होतो. पण सस्पेन्सचाही एक नियम असतो. तिथली रक्कम फायदा झाला म्हणून आपल्याकडे ओढायची आणि तोटा झाला म्हणून शेजारच्या शाखेवर ढकलायची, असं करता येत नाही. तसं केलं तर त्याला बँकेत एक वेगळंच नाव आहे आणि त्याची चौकशी लागते. प्रेक्षकांची चौकशी कुणी लावत नाही, म्हणून त्यांचा ताळेबंद दर वर्षी जुळतो.

आमच्या शाखेत एक टेम्पररी शिपाई आहे. अकरा वर्षं टेम्पररी. ज्या शाखेत माणूस कमी, तिकडे त्याला धाडतात. मागे शाखेला ठेवींच्या उद्दिष्टाची ढाल मिळाली. त्या महिन्यात ठेवीदारांच्या घरी फॉर्म घेऊन सायकलवर फिरला तो. ढालीबरोबर सगळ्या स्टाफचा फोटो निघाला. तोही त्यानेच काढला. पुढे एक रजिस्टर सापडेना, तेव्हा पहिलं नाव त्याचं निघालं. टेम्पररीच आहे ना, असं कुणीतरी म्हणालं. रजिस्टर नंतर एका साहेबांच्याच कपाटात मिळालं, ते सोडा. आमची चर्चा तो चहा देता देता ऐकत असे. एकदा मला म्हणाला, “भाऊसाहेब, गोल मारा तं आपला, हुकना तं बाहेरना. आठे बी तसंच शे ना.”

पुतण्याचा क्लब शेवटच्या सामन्यात हरला. उसन्या सेंटर फॉरवर्डने पेनल्टी गोलखांबाच्या बाहेर मारली आणि दोन दिवसांनी तो आपल्या मूळ क्लबाकडे निघून गेला. पुतण्याने आग्रा रोडवरून त्याच्या नावाची जर्सी छापून आणली होती, साडेचारशे रुपयांना. ती त्याने पलंगाखाली फेकली. वहिनी तिने फरशी पुसायला निघाल्या, तेव्हा मीच ती मागून घेतली. शिपायाचा पोरगा त्याच मापाचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याला देताना म्हटलं, “पाठीवर नाव त्या पळून गेलेल्याचं आहे बरं का. चालेल ना?”

त्याने जर्सी उलटीपालटी करून पाहिली, घडी घातली आणि पिशवीत टाकली.

“चाली ना भाऊसाहेब. तो बी टेम्पररीच व्हता.”