विचार, विकार आणि कृती

आधी विचार, मग कृती हा क्रम नीतिविवेचनात इतका गृहीत धरला जातो की, जेथे विचार दिसत नाही तेथे तो नव्हताच, असे मानण्याची सवय जडते. चाकणच्या फिरंगोजी नरसाळ्याच्या कथेचे रूढ वाचन हे या सवयीचेच उदाहरण होय.

१६६० च्या पावसाळ्यात शाएस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाला, म्हणजे संग्रामदुर्गाला, वेढा घातला. फिरंगोजीने तो जवळजवळ दोन महिने झुंजवला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरही तो लढला, अखेर त्याने किल्ला खाली केला. खानाने देऊ केलेली चाकरी मात्र नाकारली. लोकस्मृती यातून निर्विचार शौर्याची प्रतिमा घडवते. वस्तुतः कोठवर लढावे, कोठे थांबावे आणि पराभवानंतरही काय विकू नये, असे तीन स्वतंत्र निर्णय येथे आहेत. बखरीसारखा कथनप्रकार प्राधान्याने कृती सांगतो. मनोव्यापाराविषयी तो बहुधा मौन पाळतो. कथनाचे हे मौन वाचक पात्राच्या मनावर लादतो.

१६७९ मध्ये दिलेरखान भूपाळगडावर चालून आला, तेव्हा त्याला जाऊन मिळालेले संभाजीराजे त्याच्या सैन्यासोबत होते. गडावर फिरंगोजीच होता आणि युवराजावर तोफ डागण्यास तो कचरला, असे परंपरा सांगते. गड पडला, दिलेरखानाने शिबंदीतील सातशे जणांचा एकेक हात तोडवला. थबकणे म्हणजेच आत्मपरीक्षण असे मानले, तर या आत्मपरीक्षणाची किंमत इतरांनी मोजली.

परंतु ते आत्मपरीक्षण होते काय? ‘हॅम्लेट’च्या आपल्या भाषांतराला आगरकरांनी ‘विकारविलसित’ (१८८३) हे नाव दिले. नायकाच्या दिरंगाईचे मूळ विचाराच्या अतिरेकात शोधणाऱ्या समीक्षेला हे शीर्षक छेद देते. भूपाळगडावरही युवराजावरील निष्ठा आणि शिबंदीची जबाबदारी यांचे तोलन झाले, की पहिलीने दुसरीचा विसर पाडला, हाच खरा प्रश्न आहे. कथा त्याचे उत्तर देत नाही. तथापि बाहेरून सारखेच दिसणारे विवेकाचे थांबणे आणि विकाराचे अडणे यांतील भेद ती उघड करते.

आपल्याला थांबवणारे नेमके काय आहे आणि त्या थांबण्याचा भार कोणावर पडणार, हे पाहण्यात आत्मपरीक्षणाचे मूल्य आहे. याच कसोटीला निर्विचार कृतीही उतरत नाही. समोर कोण आहे हे न पाहता डागलेली तोफ गड कदाचित राखते. निर्णयाची जबाबदारी मात्र ती कोणाच्याच माथी ठेवत नाही.