शिकविणाऱ्याला कोण तपासतो?

दुःखी माणसाचे ऐकून घ्यावयाला शिक्षण कशाला पाहिजे, असे विचारणारे बंधुभगिनी आपल्या मंडळ्यांतून पुष्कळ आढळतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शेजारीण शेजारणीचे ऐकते, पाळकसाहेब घरोघरी जाऊन ऐकतात, आणि त्याने अनेकांचा भार हलका होतो. परंतु इस्पितळात, मनोरुग्णालयात किंवा बालमार्गदर्शन केंद्रात रोज अनोळखी माणसांची दुःखे ऐकून त्यांना वाट दाखविणे हे ज्यांचे आयुष्याचे काम आहे, त्यांना ते शिकावे लागते. जेथे शिकणारा आहे तेथे शिकविणाराही आला. समाजकार्य व मानसोपचार यांच्या या शिक्षकांविषयी क्वचितच कोणी लिहितो. दुसऱ्याच्या दुःखाला हात कसा लावावा हे शिकविण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो? विद्येने, अनुभवाने, की आणखी कशाने? या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम हे शिक्षक आले कोठून ते पाहू. अमेरिकेतील मेरी रिचमंड या बाई कॉलेजात शिकलेल्या नव्हत्या. १८८९ साली बाल्टिमोर शहरातील एका धर्मादाय संस्थेत त्या साहाय्यक खजिनदार म्हणून लागल्या. गरिबांच्या घरच्या भेटींचे काम जवळून पाहिल्यावर त्यांची खात्री झाली की, नुसत्या चांगल्या मनाने भागत नाही, त्याला शिक्षणाची जोड हवी. १८९७ साली टोरांटो येथील परिषदेत त्यांनी या कामासाठी शाळा काढावी अशी मागणी केली. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कला उन्हाळी वर्ग सुरू झाला, आणि १९१७ साली त्यांचे 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक निघाले.

आपल्याकडचा आरंभही असाच आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईस आले. नागपाड्याच्या दाट वस्तीत त्यांनी 'नेबरहुड हाउस' चालविले, आणि त्या कामाच्या अनुभवातून १९३६ साली टाटांच्या विश्वस्त निधीच्या साहाय्याने समाजकार्याचे विद्यालय उभे राहिले. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९३७ साली तेथे बालमार्गदर्शन केंद्र निघाले, आणि १९४८ साली वैद्यकीय व मनोविकारविषयक समाजकार्याची स्वतंत्र शाखा सुरू झाली. तिची धुरा डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांनी वाहिली. पुढे बडोद्यास व इंदुरासही समाजकार्याची विद्यालये निघाली. सारांश, पहिल्या पिढीतील शिक्षक आधी वस्तीत उभे राहिले, नंतर फळ्यापुढे.

मानसोपचाराच्या शिक्षणाने दुसरी एक वाट घातली. १९२० साली बर्लिन येथे मॅक्स आयटिंगन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दवाखाना काढला. तेथे शिकाऊ उपचारकासाठी तीन गोष्टींचा पायंडा पडला: शास्त्राचा अभ्यास, जाणत्याच्या देखरेखीखाली रुग्णांवर उपचार, आणि स्वतःच्या मनाची दुसऱ्याकडून तपासणी. या शास्त्राचे जनक फ्रॉइड यांनी तर १९३७ साली असे सुचविले की, उपचार करणाऱ्याने दर पाचेक वर्षांनी स्वतः पुन्हा तपासून घ्यावे. शिक्षण एकदाच पुरे होते ही कल्पनाच त्यांनी काढून टाकली.

मग अनुभव असला की शिकविता येते काय? बर्था रेनॉल्ड्स या बाईंनी या प्रश्नाचा फार प्रामाणिकपणे विचार केला. पहिल्या महायुद्धात मनावर आघात झालेल्या सैनिकांच्या सेवेसाठी १९१८ साली अमेरिकेतील स्मिथ कॉलेजात जो वर्ग निघाला, त्यात त्या शिकल्या आणि पुढे तेथेच शिकवू लागल्या. १९४२ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी शिकण्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. आरंभी माणसाला केवळ स्वतःचेच भान असते: माझे कसे दिसते, मला जमेल काय? मग तो कसाबसा तरून जातो. मग परिस्थिती कळते, पण हात वळत नाही. मग कामावर बऱ्यापैकी पकड येते. आणि पाचवी पायरी, आपल्याला आलेले दुसऱ्याला शिकविणे. ही पायरी वेगळी मांडली यातच मर्म आहे. चौथीवर पोहोचलेला माणूस आपोआप पाचवीवर जात नाही. उत्तम पोहणारा उत्तम पोहणे शिकवीलच असे नाही, हे आपण नित्य पाहतो.

शिक्षक येथे नेमके काय करतो? समजा, मधुमेहाने पाय कापावा लागलेल्या एका हमालाकडे विद्यार्थिनी गेली. तो म्हणाला, "आता माझा घरात काय उपयोग?" ती चटकन म्हणाली, "असे बोलू नका, सगळे ठीक होईल." ते संभाषण तिने आपल्या वहीत शब्दशः उतरविले. शिक्षिका ती वही वाचते आणि शांतपणे विचारते, "या वाक्याने कोणाला बरे वाटले? त्याला, की तुला?" विद्यार्थिनी गप्प होते. पुढल्या भेटीत ती त्या माणसाचे वाक्य ऐकून घेते, घाईने झाकीत नाही, आणि मग तो आपल्या पोरीच्या फीविषयी बोलू लागतो. हे शिक्षण व्याख्यानाने होत नाही. वही, वेळ आणि न दुखविता खरे बोलणारी जीभ एवढे त्याला लागते.

येथेच या व्यवसायाचा नैतिक पेच आहे. गणिताचा शिक्षक चुकला तर उदाहरण चुकते. येथे शिक्षक चुकला तर ज्याला त्या वर्गाची गंधवार्ता नाही अशा तिसऱ्या माणसाला त्याची किंमत मोजावी लागते. या शिक्षकाचे खरे ऋण आहे ते त्या वर्गाबाहेरच्या माणसाचे.

याचे एक कटु उदाहरण इतिहासात आहे. स्किझोफ्रेनिया हा दुभंग मनाचा आजार आईच्या वागण्याने होतो, असा सिद्धांत १९४८ च्या सुमारास नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञांनी मांडला. स्वमग्न मुलांविषयीही तेच झाले. शिकागो विद्यापीठातील ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकात मुलाच्या या अवस्थेचा दोष आईबापांच्या, विशेषतः आईच्या, थंडपणाकडे लावला. ही माणसे अडाणी नव्हती, अननुभवी तर नव्हतीच. त्यांचे विद्यार्थी तेच शिकून दवाखान्यांत गेले, आणि आधीच खचलेल्या मातांना 'हे तुमच्यामुळे झाले' असे ऐकावे लागले. वास्तविक बर्नार्ड रिमलंड यांनी १९६४ सालीच हा समज खोडून काढणारे पुस्तक लिहिले होते. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच एका मुलाचे वडीलही होते. पुढील संशोधनाने तो सिद्धांत टाकाऊ ठरविला. पण त्या मातांची ती वर्षे कोण भरून देणार?

यावरून दोन गोष्टी निघतात. अनुभव एकटा पुरत नाही. वीस वर्षे केलेली एकच चूक अनुभवाच्या नावाने खपते. म्हणून संशोधन करणारा, प्रश्न विचारणारा शिक्षकही हवा. परंतु ज्याने खाटेशेजारी बसून माणसाचे कण्हणे ऐकलेच नाही, त्याला वहीतल्या वाक्यामागचे भय कसे दिसावे?

आता नियम काय सांगतात ते पाहा. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मनोविकारविषयक समाजकार्यकर्त्याला पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील कामासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. शिक्षण लागते. उलट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत साहाय्यक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवी आणि 'नेट' परीक्षा किंवा पीएच.डी. पाहिली आहे; पदवीनंतर एक वर्ष तरी प्रत्यक्ष काम केलेले असावे अशी सर्वसाधारण अट त्यांत नाही. अमेरिकेतील समाजकार्य शिक्षण परिषद प्रत्यक्ष कामाचे विषय शिकविणाऱ्याकडून पदव्युत्तर पदवीनंतर किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते. बढतीच्या वेळी छापील लेख मोजता येतात. विद्यार्थिनीच्या वहीपाशी घालविलेली संध्याकाळ मोजणे अवघड. तरुण शिक्षकाने मग कोणत्या कामास आधी हात घालावा?

कोणी म्हणेल, शिक्षक आधीच थोडे, त्यांत इतक्या अटी घातल्या तर वर्ग ओस पडतील. अडचण खरी आहे. पण आमचे मागणे अधिक पदव्यांचे नाही. शिक्षकाने आठवड्यातून काही तास तरी रुग्णांत काम करावे, आपलेही काम सहकाऱ्यापुढे तपासणीस ठेवावे, आणि ज्यांच्यावर त्याची शिकवण जाऊन पडते त्या रुग्णांचे व आईबापांचे म्हणणे ऐकावे. शिकविण्याचा अधिकार, आम्हांस वाटते, मुख्यतः या तयारीतून येतो. जो स्वतःला तपासू देत नाही, त्याने दुसऱ्याची वही तपासू नये.

शिक्षकांचा न्याय अधिक कडक होईल, हा याकोबाच्या पत्रातील इशारा आपणांस ठाऊक आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनाही हा हिशेब परका वाटू नये. आपण वर्गात बोललेला शब्द मूल घरी नेते, आणि तेथे तो कोणाच्या अंगावर पडतो हे पाहावयास आपण तेथे नसतो.