दोरी कळली, तरी साप हलतोच

दोरी आहे हे कळलं की साप मावळतो. वेदान्तातलं हे उदाहरण निवृत्त होईपर्यंत मी वर्गात सांगत आले. आता अंथरुणात उजव्या कुशीवर वळले की पंखा, खिडकी, कपाट सगळं एका दिशेनं धावत सुटतं. खोली जागच्या जागी आहे हे मला पक्कं ठाऊक असतं. तरी ती फिरतेच!

कुणी पित्त म्हणालं, कुणी मानेचा मणका. उलगडा केला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी. आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. ते सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत शिरले, की डोकं थांबल्यावरही नळीतला द्रव हलत राहतो आणि तो कान मेंदूला ‘फिरतंय’ असंच कळवत राहतो. डोळेही खरोखर झटके खातात, निदान तेच पाहून होतं. बहुधा मिनिटभरात सगळं शांत. (बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले तर मात्र थेट इस्पितळ गाठायचं.)

वेदान्त्यांनी याचीही सोय करून ठेवली आहे. दोरीवरचा साप हा निरुपाधिक भ्रम, तो ज्ञानानं जातो. जास्वंदीशेजारचा स्फटिक लाल दिसतो, तो सोपाधिक. स्फटिक पांढरा आहे हे शंभरदा घोकलं तरी फूल उचलेपर्यंत तो लालच. माझी चक्कर या दुसऱ्या जातीची.

हे फूल उचलण्याची युक्ती अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची, १९९२ साली त्यांनी ती सविस्तर मांडली. डॉक्टरांनी माझी मान उजवीकडे वळवून मला झटकन आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेबाहेर किंचित लोंबतं. “आजी, डोळे मिटू नका.” चक्कर ओसरल्यावर डोकं डावीकडे, मग डाव्या कुशीवर नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. कण घरंगळत मूळ पिशवीत परततात. गोळ्यांनी मळमळ थांबते, कण जागचे हलत नाहीत.

ज्ञान झाल्यावरही जीवन्मुक्ताला जग दिसतं कसं, असं मुलं विचारायची. मी प्रारब्धाकडे बोट दाखवायचे. आज विचारलं तर त्या टेबलावरचं सांगेन: खोली फिरत होती, पण मी कशालाही धरलं नव्हतं. ज्ञानाचं काम माझ्या मते तेवढंच. बाकीचं हातानं करावं लागतं, आणि तेही पुन्हा, कारण कण परत सुटू शकतात. तसं झालंच तर कोणत्या कुशीवर गरगरलं ते लक्षात ठेवून या, असं डॉक्टरांनी बजावलं आहे.