रांजणगावचा महागणपती आणि त्रिपुरवधाची कथा

पुणे-अहिल्यानगर मार्गावर शिरूर तालुक्यात असलेले रांजणगाव हे अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान असून, त्रिपुरासुराच्या वधापूर्वी शंकराने ज्या ठिकाणी गणेशाची आराधना केली ते हेच, अशी तेथील श्रद्धा आहे. पित्याने पुत्राची पूजा का करावी, हा या कथेतून उघडच उद्भवणारा प्रश्न आहे. परंतु त्याहून अवघड प्रश्न असा की, ज्या असुराचा नाश व्हायचा आहे त्याला सामर्थ्य देणारा आणि त्याच्या नाशाला साहाय्य करणारा देव एकच कसा असू शकतो?

त्रिपुराची कथा गणेशोपासनेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. तैत्तिरीय संहितेत, सोमयागातील 'उपसद' नावाच्या विधीची उपपत्ती सांगताना, असुरांच्या लोखंड, रुपे आणि सोने यांच्या तीन नगरांचा आणि अग्नी, सोम व विष्णू यांचा बाण करून ती भेदणाऱ्या रुद्राचा उल्लेख येतो. महाभारताच्या कर्णपर्वात याच नगरांना तारकासुराचे तीन पुत्र स्वामी म्हणून लाभतात आणि ब्रह्मदेव शिवाच्या रथाचा सारथी होतो. शिवपुराणात मात्र बाण सोडण्यास सज्ज झालेल्या शिवापुढे गणेशाचे विघ्न उभे राहते व त्याच्या पूजनानंतरच लक्ष्य साधते. याच स्मृतीचा दक्षिणेतील अवशेष म्हणजे तमिळनाडूतील अच्चिरुपाक्कम, जेथे गणेशाचे स्मरण न केल्यामुळे शिवाच्या रथाचा आस मोडला असे सांगतात.

गणेशपुराणाने, म्हणजे गणपतीलाच परब्रह्म मानणाऱ्या गाणपत्य संप्रदायाच्या प्रमुख ग्रंथाने, या परंपरेत केलेली भर विलक्षण आहे. तेथे त्रिपुर हा गृत्समद ऋषीचा पुत्र आहे. आणि गृत्समद म्हणजे ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा द्रष्टा, ज्या मंडलातील ब्रह्मणस्पतीला उद्देशून असलेली ऋचा आजही गणेशपूजेत म्हटली जाते. असुर शत्रूच्या नव्हे, तर श्रेष्ठ भक्ताच्या घरी जन्मतो, गणेशाच्याच तपाने तीन नगरे मिळवतो, आणि शिवाच्या एका बाणाने ती भस्म होतील तेव्हा त्याला मुक्ती लाभेल, ही अट त्याच वरात असते. वर आणि वध हे परस्परविरोधी नसून एकाच अनुग्रहाचे दोन टप्पे ठरतात, आणि वरील अवघड प्रश्नाला कथेने दिलेले हे उत्तर अत्यंत समर्थ आहे. पिता-पुत्राच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच मिळते, कारण गाणपत्यांच्या दृष्टीने पार्वतीनंदन हा गणेशाचा केवळ एक अवतार असून, शिव ज्याला शरण जातो ते त्या अवताराच्या मुळाशी असलेले अनादी तत्त्व होय.

दौंड तालुक्यातील शिरापूरसमोर, भीमेच्या पैलतीरी कर्जत तालुक्यात असलेल्या सिद्धटेक या अष्टविनायकांपैकीच एका स्थानाची कथाही याच घडणीची आहे. मधु आणि कैटभ या असुरांशी लढूनही विष्णूला यश येईना, तेव्हा त्याने शिवाच्या सांगण्यावरून षडक्षर, म्हणजे सहा अक्षरी, गणेशमंत्राचा जप केला आणि त्याला सिद्धी मिळाली. शैव आणि वैष्णव या दोन्ही मोठ्या प्रवाहांचे अधिपती अशा रीतीने भीमेच्या खोऱ्यात गणेशापुढे नतमस्तक होतात. एका संप्रदायाचा सर्वोच्चतेचा दावा यात आहेच, परंतु तो इतर देवांना खाली लोटून नव्हे, तर त्यांना उपासक करून मांडलेला आहे.

वास्तूचा इतिहास पुराणकथेच्या मानाने अलीकडचा आहे. रांजणगावच्या मंदिराचा गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांनी बांधला आणि सभामंडप इंदूरच्या सरदार किब्यांनी. पूजेतील मूर्तीखाली दहा सोंडा आणि वीस हात असलेली 'महोत्कट' नावाची मूळ मूर्ती तळघरात दडलेली असल्याचे परंपरा सांगते. सिद्धटेकचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी उभारले. तेथेच, सेनापतिपद गेलेल्या हरिपंत फडक्यांनी एकवीस दिवस देवाला रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि ते पद पुन्हा मिळवले, अशी आख्यायिका आहे, आणि विष्णूला लागू झालेला नियम तिने पेशवाईतील एका सरदारालाही लावला आहे.